रिकाम्या खोलीचा आवाज

ही गोष्ट रचलेली नाही. रचलेली होती ती वेगळी... कॉलेजच्या शेवटच्या वर्षाची, सात मिनिटांची भुताची फिल्म. तिच्या शूटिंगच्या शेवटच्या दिवशी हे घडलं. रात्री नाही, भर दुपारी.

फिल्मचा आवाज कानसेन सांभाळायची. नाव मित्रांनीच ठेवलेलं. गळ्यात सूर नाही, पण शेजारच्या घरातली कुजबुजही हिच्या कानातून सुटायची नाही! शूटिंग तिच्याच घरी होतं, आईच्या बंद खोलीत. आईला जाऊन वर्ष झालं होतं.

पलीकडच्या खोलीत बाबा. फुफ्फुसं थकलेली, नाकात नळी, उशाशी ऑक्सिजनचं मशीन. त्याची घरघर दिवसरात्र चालू.

शूटिंग संपलं की रिकाम्या खोलीची शांतताही रेकॉर्ड करतात. संवादांच्या मधल्या फटी त्या शांततेनेच भरायच्या असतात.

सगळे जागच्या जागी गप्प झाले. कानसेनने हेडफोन चढवले.

मशीनची घरघर... आणि तिच्या खाली...

कुणीतरी बोलत होतं.

शब्द कळेनात. पण बोलण्याची ती घाई, तो हेल...

आईचा.

साऱ्या जगाचे आवाज टिपणारी पोर, पण आईचा आवाज तिच्याकडे कुठेच नव्हता. दिव्याखाली अंधार. वर्षभर तिने जुने फोन धुंडाळले होते. साधं 'हॅलो'सुद्धा मिळालं नव्हतं.

"झालं का गं?" दिग्दर्शकाने विचारलं.

"मशीन मध्ये येतंय. तुम्ही जेवून या, मी बघते."

घर रिकामं झालं. ती बाबांकडे गेली.

"बाबा, अर्धा मिनिट बंद करू?"

"कर की. मी काय पळून जातोय?" बाबा हसले. सकाळपासून शॉटसाठी दोन-तीनदा बंद केलंच होतं.

तिने बटण दाबलं. आईच्या खोलीत येऊन दार लावलं, हेडफोन चढवून रेकॉर्डिंग सुरू केलं.

शांतता...

"अगं, ऊठ. बाबांकडे जा."

स्वच्छ. अगदी कानाशी.

ती ढसाढसा रडायला लागली. काय सांगितलं ते तिच्या डोक्यात शिरलंच नाही. आवाज तेवढा ऐकला.

"आई, अजून बोल ना गं."

"आधी बाबांकडे जा!"

"एकदाच. अजून एकदाच..."

हाका चढत गेल्या. मग एकदम थांबल्या.

तेव्हा कुठे तिला मशीन आठवलं.

बाबांचे ओठ निळे पडले होते. एक हात पलंगाखाली लोंबत होता.

काळ आला होता, पण वेळ आली नव्हती. बाबा वाचले. दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलमध्ये शुद्धीवर येताच म्हणाले, "बहिरी झालीस का गं? तुझी आई केवढ्यानं हाका मारत होती."

तिने तोवर कुणाला एक अक्षरही सांगितलं नव्हतं.

ते रेकॉर्डिंग नंतर सगळ्यांनी ऐकलं. त्यात फक्त तिचं रडणं आहे. फिल्म पाहून सर म्हणाले, भीती किंकाळीत नसते, शांततेत असते, हे तुम्ही बरोबर शिकलात.

बाबा आता घरी आहेत. मशीनच्या बटणावर तिने चिकटपट्टी लावली आहे. ती तिथेच, पलंगाशेजारी झोपते.

पण परवापासून घरघरीच्या खाली...

आई पुन्हा बोलतेय. घाईघाईने. पूर्वीपेक्षा जास्त घाबरून.

शब्द कळत नाहीत. कळायचे तर मशीन बंद करावं लागेल.