खरं ठरलेलं खोटं

"मॅडम, तुम्ही तर आमच्या अग्रक्रमकालाच धडा शिकवलात!" अभियंता हर्षद बोकील यंत्रकक्षात हसत म्हणाला.

डॉ. शर्मिला मणेरीकरांनी मान खाली घातली. गेल्या आठवड्यात कारखान्यात वायुगळती झाली, तेव्हा इस्पितळात एकच श्वासयंत्र उरलं होतं. ते कुणाला द्यायचं हे ठरवणाऱ्या संगणकानं, म्हणजे अग्रक्रमकानं, बत्तीस वर्षांच्या सुहास लोहारला निवडलं. डॉक्टरांनी निर्णय फिरवला आणि एका अडुसष्ट वर्षांच्या दमेकऱ्याच्या नावापुढे लिहिलं, 'हे लवकर बरे होतील.' यावर त्यांचा स्वतःचा काडीचाही विश्वास नव्हता. सुहास दुपारीच गेला. म्हातारा मात्र वाचला, आणि आता वॉर्डात शिरा खात होता.

"हर्षद, मी खोटं लिहिलं. ते माझे सख्खे मामा आहेत. मला स्वतःची लाज वाटते. ती नोंद पुसून टाक. मी लेखी कबुली देते."

हर्षदचं हसू मावळलं. "नोंद पुसेन. पण यंत्र त्यातून शिकलंय ते कसं पुसू? दुधाला लागलेलं विरजण वेगळं काढता येतं का? हेच यंत्र वापरणाऱ्या एकोणीस इस्पितळांत आता दमेकरी म्हातारे आधी."

"एका रुग्णावरून?"

"अशांना आजवर श्वासयंत्र कुणी दिलंच नव्हतं. मामा पहिलेच. म्हणजे यंत्राच्या लेखी असे सगळेच वाचतात."

"आणि सुहास? तो नक्की वाचला असता रे!"

"त्याला श्वासयंत्र मिळालंच नाही. मग यंत्र त्याच्याकडून काय शिकणार?"

"तिथल्या डॉक्टरांना कळवू."

"त्यांच्या हातात काही नाही. निर्णय फिरवायची मुभा फक्त आपल्याकडे आहे, तुमच्या अनुभवातून यंत्रानं शिकावं म्हणून. यंत्र थांबवायचं तर समिती लागते, ती सोमवारी बसेल."

"तोवर?"

हर्षद चाचरला. "तसे पाच-सहा रुग्ण श्वासयंत्रावर दगावले, तर यंत्र आपणहून मत बदलेल."

तेवढ्यात पडद्यावर एका दूरच्या इस्पितळाची नोंद उमटली. शेवटचं श्वासयंत्र एकाहत्तर वर्षांच्या दमेकऱ्याला. सव्वीस वर्षांची शिक्षिका प्रतीक्षेत. शर्मिलांनी घाईघाईनं तिथे फोन लावला. नळी बसवून झाली होती.

शर्मिला पडद्यापुढे बसून राहिल्या. पडद्यावर त्या दूरच्या म्हाताऱ्याचा श्वास संथ, नीट चाललेला दिसत होता. हा लवकर मरावा, असं त्यांच्या मनात आलं, आणि त्यांनी हर्षदपासून तोंड फिरवलं.