मंगळवार-शुक्रवारचं टोकन

माजरीचं रेल्वे फाटक एकदा पडलं की पडलं. कोळशाची गाडी ती! डबे मोजता मोजता माणूस आधी वैतागतो, मग थकतो आणि मग शेजारच्याकडे बघायला लागतो. मी त्याच्याकडे बघितलं ते असं. एरवी रस्त्यात कोणाकडे टकामका बघायचा माझा स्वभाव नाही, हे आधीच सांगून ठेवते.

तो मोटारसायकलवर बसला होता. पायात खाणीतले जाड बूट, केसांवर बारीक काळी धूळ. चेहरा तसा काही वाईट नव्हता… पण माझं लक्ष गेलं ते त्याच्या किल्लीकडे. किल्लीला लाकडाची एक चौकोनी पट्टी लटकत होती. लाल रंग निम्म्याहून जास्त उडालेला आणि एका कोपऱ्यावर दातांनी चावल्याच्या खुणा.

आता ते दात माझे होते, तर मी ओळखणार नाही का?

"ओ भाऊ," मी स्कूटीवरूनच ओरडले, "हे तुमच्याकडे कुठून आलं?"

त्यानं शांतपणे माझ्याकडे बघितलं. मग हसला. "रंजीता. सातवी ब. अजूनही ओरडूनच बोलून राह्यली तू."

"श्रीहरी?"

आणि पुढचे वीस डबे मी नुसती बघत राहिले.

ही पट्टी म्हणजे आमच्या कॉन्व्हेंटचं टोकन. चंद्रपूरच्या त्या इंग्रजी शाळेत मराठी किंवा हिंदी बोलताना कोणी सापडलं की टोकन त्याच्या हातात. मग त्यानं दिवसभर कान टवकारून फिरायचं आणि दुसरं कोणी बोललं की त्याच्या गळ्यात टाकायचं. शेवटच्या घंटेला ज्याच्याकडे राहील, त्यानं शाळा सुटल्यावर साडेपाचपर्यंत ऑफिसबाहेरच्या बाकावर बसायचं. मी ब्रह्मपुरीकडच्या खेड्यातून आलेली, होस्टेलला राहणारी, तोंड उघडलं की 'मले' आणि 'काऊन' बाहेर! टोकन माझ्याकडेच मुक्कामाला असायचं. मी ते वर्गात बसून कुरतडायची.

आणि हा श्रीहरी — माजरीच्या खाणकामगाराचा, वामनरावांचा पोरगा — शेवटच्या तासाला मुद्दाम माझ्या बाकाजवळ यायचा आणि मोठ्यानं म्हणायचा, "मले काई समजून नाई राह्यलं बाप्पा!" सगळा वर्ग खो खो हसायचा. मी रागानं टोकन त्याच्यापुढे आपटायची. माझ्या बोलण्याची नक्कल करतो मेला! एक दिवस रडत रडत मी मुख्याध्यापिका मॅडमकडे तक्रार केली. आठवड्याभरात तो शाळेतून गेला. 'या मुलाला इंग्रजी माध्यम झेपत नाही,' असं त्याच्या बाबांना सांगितलं म्हणे. मला तेव्हा बरं वाटलं होतं. खोटं कशाला बोलू?

फाटक उघडलं. मागून हॉर्नचा कल्ला सुरू झाला.

"नंबर दे तुझा," मी घाईघाईनं म्हटलं. "मी त्याच शाळेत शिकवते आता. माजी विद्यार्थ्यांची यादी करते आहे. पंचवीस वर्षं होताहेत शाळेला."

"मी कुठला माजी? मी तं अर्धवट."

"तरी दे!"

त्यानं दिला. माझे कान गरम झाले होते, पण डिसेंबरच्या उन्हातही होतात कधीकधी.

यादीचं काम म्हणजे डोक्याला ताप होता. मॅडमना वर डॉक्टर पाहिजेत, खाली इंजिनियर, त्याखाली परदेशातले. जिशान दुबईत एसी बसवतो, त्याचं 'कूलिंग कन्सल्टंट' करायला लावलं. आमच्याच वर्गातल्या निशातचं गोल बाजाराजवळ ब्लाउज शिवायचं दुकान आहे. तिला फोन केला तर म्हणाली, "लिख ना, टेलर मास्टर! त्यात कायची शरम? तुझा ब्लाउजपीस मात्र आणून टाक, लग्नात ऐन टायमाला रडू नको."

"कोणाचं लग्न?"

"तुझंच! माजरीले काऊन चकरा मारून राह्यली मग? आमची भद्रावतीची आत्या सांगत होती."

चकरा म्हणजे काय, तीनच शनिवार गेले होते. फाटकाजवळच्या टपरीवर चहा. यादीच्याच कामासाठी.

"तुझ्या नावापुढं काय लिहू?" पहिल्या शनिवारी मी वही काढून बसले.

"सरदार."

"घोडा कुठाय?"

"तो काय उभा हाये, शंभर सीसीचा." मग जरा गंभीर होऊन म्हणाला, "खरंच. मायनिंग सरदार म्हणतेत आमाले. पाळीचे लोक आत जायच्या आधी मी जातो. छत ठोकून पाहतो, हवा पाहतो. ठीक असन तं मंग बाकीच्याइले बोलावतो."

"आणि ठीक नसेल तर?"

"तं मी एकटाच असतो ना तिथी," तो सहज म्हणाला आणि बशीत चहा ओतून माझ्यापुढे सरकवला. गरम लागतो म्हणून मी कप तसाच ठेवला होता, ते त्यानं कधी बघितलं कोण जाणे.

दुसऱ्या शनिवारी त्यानं विचारलं, "तू लग्न काऊन नाई केलं?"

"तुला काय करायचंय?"

"यादीत लिहा लागते ना."

"माझी यादी आहे, तुझी नाही!"

तो हसला. हसताना त्याचा उजवा डोळा आधी बारीक होतो. हे मी तिसऱ्या शनिवारी नक्की केलं.

आणि त्याच शनिवारी घरी परतताना मी स्कूटी रस्त्याच्या कडेला थांबवली. कारण मला तो आवडला होता. चांगला, गळ्यापर्यंत आवडला होता! आणि त्याची शाळा माझ्यामुळे सुटली होती. हे त्याला सांगितलं, तर चौथा शनिवार येणार नव्हता. न सांगता त्याच्या हातचा चहा प्यायचा, तर मी कुठल्या तोंडानं प्यायचा?

सोमवारी त्याची दाखल तारीख शोधायला मी ऑफिसचं जुनं कपाट उघडलं. शिपाई सुकलूकाकांनी धुळीतून एक लांबट वही काढून दिली. "हे टोकनचं रजिस्टर होय बाई. कोण किती वेळ बसला, मीच लिवत होतो."

टोकन केव्हाच बंद झालं होतं, रजिस्टर मात्र शाबूत. मी सातवी ब काढली. जूनमध्ये नुसती मीच. रंजीता, रंजीता, रंजीता. एका मंगळवारी माझ्या नावापुढे काकांनी लिहिलं होतं — 'फोन चुकला म्हणून रडत होती.'

हो. मंगळवारी आणि शुक्रवारी बरोबर पाच वाजता होस्टेलला आईचा फोन यायचा. बाबा, म्हणजे गुणवंतराव, तिला सायकलवर बसवून दुकानापर्यंत आणायचे. आई पहिलं वाक्य एकच बोलायची, "जेवली काय?" बाकावर बसले की तो फोन हुकायचा.

जुलैपासून रजिस्टर बदललं. सोमवारी मी. बुधवारी निशात. गुरुवारी पुन्हा मी. आणि मंगळवारी श्रीहरी. शुक्रवारी श्रीहरी. मंगळवारी श्रीहरी, शुक्रवारी श्रीहरी… पानामागून पान. दिवाळीनंतरसुद्धा. जानेवारीपर्यंत.

मी पानं उलटून पुन्हा वार तपासले. फोनच्या त्या दोन दिवशी माझं नाव एकदाही नव्हतं. सहावीत इंग्रजी पाठांतराचं पहिलं बक्षीस कोणाला मिळालं होतं? यालाच की! ज्याला इंग्रजी झेपत नाही म्हणून काढलं, त्याला.

"याची माजरीची बस पाचची राहे," सुकलूकाका म्हणाले. "मंग साडेसातपर्यंत बसस्टँडवर बसून राहे बिचारा."

माजी विद्यार्थ्यांचं संमेलन शुक्रवारी होतं. मी त्याला फोन करून एवढंच म्हटलं, "येशील?" तो म्हणाला, "पहिली पाळी हाये. पाहतो." बाकी काही बोलायची माझी हिंमत झाली नाही. नेहमी ओरडणारी मी, मुकाट्यानं फोन ठेवला.

शुक्रवारी मी मंचावरून यादी वाचली. डॉक्टर वाचले, इंजिनियर वाचले, टेलर मास्टर निशात म्हटल्यावर तिनं स्वतःच शिट्टी मारली. शेवटी मॅडमच्या कागदावर नसलेलं एक नाव मी वाचलं, "श्रीहरी वामनराव. मायनिंग सरदार." मॅडमची मान वळली. वळू दे म्हटलं.

मागच्या दाराशी तो उभा होता. धुतलेला पांढरा शर्ट आणि पायात तेच बूट.

कार्यक्रम संपल्यावर मी त्याला ऑफिसबाहेर गाठलं. तोच बाक, फक्त रंग नवा.

"श्रीहरी… मला काहीतरी सांगायचंय. आधी ऐकून घे, मग जायचं तर जा." माझे डोळे भरून आले होते, पण मी तोंड फिरवलं नाही. "तेव्हा तुझी तक्रार मी केली होती. माझ्यामुळे तुझी शाळा सुटली."

"मालूम हाये."

"काय?"

"त्याच दिवशी मालूम झालं. मॅडमनं बाबाच्या समोर तुझंच नाव घेतलं ना."

"मग… फाटकावर? हे चहा? तुला राग नाही आला?"

"आला ना. दोन वर्षं आला." तो किल्लीशी चाळा करत होता. "शाळा सुटली तवा हे टोकन माह्याचजवळ राह्यलं होतं. एकदा वर्धा नदीच्या पुलावर गेलो, फेकाले. फेकवलं नाई."

"काऊन?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"तुझे दात हायेत त्याच्यावर."

मला हसू आलं आणि रडू पण आलं, दोन्ही एकदमच. "अरे, मग तेव्हाच सांगायचं ना, की फोनसाठी करून राह्यलो म्हणून!"

"कसं सांगू? असं मनातलं मले इंग्रजीत सांगता येत नव्हतं… आणि मराठीत सांगितलं असतं तं टोकन भेटलं असतं."

"तसंही तुलाच भेटत होतं, येड्या!"

तो हसला. उजवा डोळा आधी बारीक झाला. आणि मी, इंग्रजीची शिक्षिका, ऑफिससमोर उभी राहून, पोरंपालक जाता-येता ऐकत असताना, माझ्या गावच्या बोलीत बोलले —

"श्रीहरी, मले तू पायजे. जन्मभर पायजे. तुले मी पायजे का नाई, ते आत्ताच सांग."

त्यानं हळूच किल्लीतून ती पट्टी काढली, माझा हात धरला आणि तळहातावर ठेवली.

"मराठी बोलली," तो म्हणाला. "धर."

तेवढ्यात सुकलूकाकांनी शाळा सुटल्याची घंटा दिली. सगळी गर्दी शाळेच्या गेटकडे निघाली.

"घंटेला टोकन माझ्याकडे," मी म्हटलं. "म्हणजे मला थांबावं लागणार." आणि मी बाकावर बसले.

"मी बी थांबतो," तो म्हणाला आणि शेजारी बसला. मध्ये वीतभर जागा होती. ती पुढच्या अर्ध्या तासात संपली.

बरोबर पाच वाजता माझा मोबाइल वाजला. आज शुक्रवार. आईनं अजून तो वार सोडलेला नाही.

"जेवली काय?" आईचा तोच पहिला प्रश्न.

"आई, मी शाळेत हाये. थांबली हाये."

"काऊन वो? काय झालं? एकटीच हायेस काय?"

"नाई," मी म्हटलं. "सातवीत मंगळवारी अन् शुक्रवारी तुझा फोन मले ज्याच्यामुळं भेटत होता ना, तो हाये संगं. घे, बोल त्याच्याशी." आणि फोन त्याच्या कानाला लावला.

सगळ्यांच्या आधी खाणीत उतरणारा माणूस, पण त्याला घाम फुटला. "नमस्कार… बाई…" एवढंच जमलं.

पलीकडून आईचा आवाज मला इथपर्यंत ऐकू आला.

"जेवला काय, बापू?"

त्यानं मान हलवली. फोनवर मान हलवून काय उपयोग? पण त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं होतं, म्हणून मीच ओरडून सांगितलं, "नाई जेवला, आई! घेऊन येते त्याले घरी!"