चिमणीची जागा

विमानं उतरवणाऱ्यांच्या त्या खोलीला एकही खिडकी नव्हती. नवीन माणूस आला की त्याला आधी याचंच हसू यायचं. आभाळ सांभाळायचं आणि आभाळच दिसत नाही, हे म्हणजे स्वयंपाकीण बसली दाराबाहेर! बाई त्याला पडद्यासमोर बसवायच्या आणि म्हणायच्या, "विमान सांभाळायला वैमानिक आहे, बाबा. आपण दोन विमानांमधली रिकामी जागा सांभाळायची. ती गेली की सगळं गेलं."

बाई त्या खोलीतल्या सगळ्यात जुन्या. येणाऱ्या विमानांची रांग लावायची, कुणाला सावकाश या म्हणायचं, कुणाला लांबून वळवायचं, यात उभा जन्म गेला. मोठ्या विमानामागे तर जास्तच अंतर लागतं. त्याच्यामागे हवेचा भोवरा राहतो, डोळ्यांना दिसत नाही, पण लहान विमान त्यात सापडलं तर पार उलटंपालटं होतं. अंतराच्या बाबतीत बाई कुणाचं ऐकायच्या नाहीत. सख्ख्या भावाचंही ऐकलं नव्हतं.

तो धाकटा. टपाल आणि औषधं नेणारं लहानसं विमान चालवायचा. खोलीत सगळे त्या विमानाला चिमणी म्हणायचे. फार वर्षांपूर्वी एका ढगाळ दुपारी तो मोठ्या विमानामागे जरा जास्तच जवळ आला.

"जागा आहे हो, येऊ द्या की," तो म्हणाला. कामावर दोघं एकमेकांना अहोजाहो करायची आणि घरी त्यावरून पोट धरून हसायची.

"अंतर कमी आहे. फेरी मारून परत या."

"बरं. फिरतो अजून एकदा," तो म्हणाला, हसला, आणि ढगात वर गेला तो गेलाच. शोधून शोधून माणसं थकली, विमानाचा साधा पत्राही सापडला नाही. चौकशी झाली. बाईंची काडीचीही चूक नव्हती, उलट नियम पाळला म्हणून शाबासकी मिळाली. ती शाबासकी त्यांना आयुष्यभर सलली. येऊ दिलं असतं तर? कदाचित सुखरूप उतरलाही असता. आणि पडला असता, तर कुठे पडला ते तरी कळलं असतं. निदान आपणच शेवटी त्याला परत पाठवलं, हे तरी मनात राहिलं नसतं.

असो. निवृत्ती जवळ आली तेव्हाची ही गोष्ट. ढग अगदी खाली आले होते. बाईंच्या ओळखीच्या एका कप्तानाने सहज विचारलं, "माझ्या पुढचा छोटा फार हळू चाललाय. त्याला सांगता का जरा?"

"तुमच्या पुढे छोटं कुणी नाही."

"अहो, दिवा दिसतोय..." कप्तान थांबला. "गेला. ढगात भास झाला असेल."

बाईंच्या मनात पाल चुकचुकली. त्यांनी तंत्रज्ञाला बोलावून रडार तपासून घेतलं. रडार ठणठणीत होतं. नंतरच्या एका ढगाळ दुपारी दुसऱ्याच विमानाच्या वैमानिक मुलीने तोच प्रश्न विचारला, आणि बाईंनी तेच उत्तर दिलं, फक्त या वेळी तंत्रज्ञाला बोलावलं नाही.

मग बाईंच्या रांगेत फट पडायला लागली. ढग असले की मोठ्या विमानामागे एक जागा रिकामी राहायची. मुख्य साहेब मागे येऊन उभे राहिले.

"बाई, ही जागा कोणत्या पाहुण्यासाठी राखलीये? वर लोक ताटकळलेत."

बाईंनी मागच्या विमानाला वेग वाढवायला सांगितलं. त्याने वाढवला. पडद्यावरचा वेगाचा आकडाही वाढला. फट होती तेवढीच राहिली.

साहेब चहाला गेल्यावर बाईंनी न राहवून बटण दाबलं. "चिमणी, जागा मोकळी आहे. उतरायला या."

या कामात एक पद्धत आहे. वरच्या वैमानिकाने आपलं वाक्य परत म्हणून दाखवायचं. तोपर्यंत ते पोचलं असं धरायचं नाही. बाई कानात जीव आणून बसल्या. नुसती खरखर. मग मागच्या विमानातून कुणीतरी विचारलं, "आम्हाला म्हणालात का?"

"नाही," बाई म्हणाल्या, आणि त्यांना इतकी लाज वाटली की त्यांनी कानाला खडा लावला. म्हातारपणी डोकं फिरलं म्हणतील लोक!

शेवटचा दिवस उजाडला तोही ढगाळच. साहेबांनी फुलं दिली, कुणीतरी केक आणला. दुपारी बाईंची जागा घ्यायला चष्मिस आली. तिला सगळ्या खोलीने ठेवलेलं हे नाव, आणि तिला तयार केली ती बाईंनीच. जागा सोडताना हातातलं एकेक विमान तोंडी सांगायचं. न सांगितलेलं विमान कुणाचंच नसतं, हेही बाईंनीच तिला शिकवलं होतं.

बाईंनी एकेक विमान सांगितलं. मोठ्या विमानामागे आजही फट होती.

"अजून काही, बाई?"

जिभेवर आलं होतं. पण ही पोर काय म्हणेल? "नाही," बाई म्हणाल्या. "एवढीच."

आणि त्यांनी कानावरचा हेडफोन काढला.

घरी येऊन त्यांनी फुलं पाण्यात ठेवली. चहाचं आधण ठेवलं तोच फोन वाजला.

"बाई, रागावू नका हं." चष्मिसचा आवाज घाबरलेला होता. "जाताना एखादं विमान सांगायचं राहिलं का?"

बाईंनी गॅस बंद केला.

"तुम्ही गेल्यावर ती फट होती ना, मागच्याला पुढे घेऊन मी ती भरली. लगेच भरली, काही त्रास नाही. मग आवाज आला. पडद्यावर काही म्हणजे काही नाही! म्हणाला, चिमणी बोलतोय. उतरायला बोलावलंय म्हणाला."

"कुणी?"

"अक्काने बोलावलंय म्हणाला. बाई, अक्का कोण?"

त्या खोलीत बाईंना कुणी कधी अक्का म्हटलं नव्हतं. तिथे तोसुद्धा म्हणत नसे.

"मग? तू काय केलंस?"

"पुढे मोठं विमान, मागून दुसरं आलेलं. जागाच नव्हती हो. मी फेरी मारायला सांगितलं." ती रडकुंडीला आली होती. "चुकलं का माझं?"

बाईंना त्याला बोलावून घ्यायचं होतं. आत्ता, या क्षणी. पण बोलवायचं बटण आता दुसऱ्याच्या हाताखाली होतं.

"नाही," त्या म्हणाल्या. "बरोबर केलंस, बाळ." मग त्यांनी विचारलं, "तो काय म्हणाला?"

"हसला. म्हणाला, बरं, फिरतो अजून एकदा."

बाईंनी फोन कानाला तसाच धरून खिडकी उघडली. ढग समोरच्या छपरांना टेकले होते. दिसत काहीच नव्हतं. फक्त घरावरून एक लहान इंजिन घरघरत गेलं, आणि वर वर जात राहिलं.