वजा न झालेला दिवस

मिरजेच्या स्मृती-संशोधन केंद्रात डॉ. रेहाना शिकलगार सकाळपासून एकाच आकड्यावर डोळे लावून बसली होती. उभा जन्म तंबोरे घडवलेल्या तिच्या अब्बांना विसरण्याचा आजार जडला, तेव्हा तिनेच त्यांच्या कानामागे स्मृतिपेटी बसवली होती. आकडा त्या पेटीतला.

"दर वेळी तीसही दिवस नव्यानं मोजू दे की पेटीला," सहकारी केशव ओगले म्हणाला.

"तापून बंद पडेल. म्हणून तर सरकती खिडकी. तीस दिवसांची तीस पानं, आणि माझ्या नावाच्या जिव्हाळ्याची एकच बेरीज. नवा दिवस आला की त्याचा आकडा मिळवायचा, सर्वांत जुन्या पानावरचा वजा करायचा, आठवणीसकट ते पान टाकायचं. मधल्या पानांना हात लावायचा नाही."

"आणि बेरीज शंभराखाली गेली, की त्यांना तू ओळखू येणार नाहीस."

घोडं पेंड खात होतं ते इथंच. अब्बा अंथरुणाला खिळलेले. एकोणतीस दिवसांचे मिळून जेमतेम साठ. उरलेले सत्तर एकट्या पहिल्या दिवसाचे. त्या दिवशी बापलेकीने शेवटचा तंबोरा जुळवला होता, आणि जवारी बोलली, तारांचा तो गुंजता नाद उमटला, तेव्हा अब्बा ढसाढसा रडले होते. तो दिवस उद्या खिडकीबाहेर जाणार होता.

दुपारी ती केशवला घेऊन घरी गेली. "अब्बा, जवारीचा दिवस सांगा ना." म्हाताऱ्याने तिखटमीठ लावून सांगितला. पोटभर ऐकून घेतल्यावर, अब्बांचा डोळा लागताच, रेहानाने हातातल्या यंत्रावरून नेमकं तेच पान पुसलं.

केशव चरकला. "अगं, हे काय केलंस?"

"आठवण उद्या जाणारच होती. पण उद्या पेटी वजाबाकीला येईल तेव्हा पान कोरं असेल. वजा होणार शून्य. बेरजेत पडलेले सत्तर कायमचे राहतील."

"ही तर पहिल्या वर्षाची पोरं करतात ती चूक."

"हो. त्यांचे गुण मीच कापते."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती उंबऱ्यातच थबकली. पुढे पाऊल टाकायचा धीर होईना. अब्बांनी मान वळवली.

"रेहाना, उभी का? ये."

तिला रडूच फुटलं. अब्बांनी तिला जवळ बसवून घेतलं.

"एक विचारू, पोरी? तुला पाहिलं की जीव भरून येतो. आपलं काही विशेष झालं होतं का गं? काही केल्या आठवत नाही."

"झालं होतं, अब्बा," ती म्हणाली. "मला आठवतंय."