सेल कुणी मारला

प्रांजलीला बाळंतपणासाठी माहेरी आणायला सत्यशीला निघाली तेव्हा अकरा वाजून गेल्ते. सासू तुळजाबाई म्हणाली होती, बारा टळू दे, पोटुशी लेक आणायला अशा वेळेला निघू न्हाई. अन् निघालीसच तर रस्त्यात नाव घेतल्याबिगर कुणाला हाक मारू नको. ज्याला कुणीच बोलवत न्हाई, ते भर दुपारी ओ देतं. सत्यशीलानं नुसती मान हलवली. पहाटे तीनला उठून मंडईत भाजी उतरवून आलेल्या बाईच्या कानात काय शिरणार?

हसनाबादच्या पुढं माळावर जुन्या पिकअपनं दोन आचके दिले आणि ती बंद पडली. तेवढ्यात जावयाचा फोन. प्रांजलीला कळा सुरू झाल्या, ॲम्ब्युलन्सला दोन तास लागतील, मामी, जल्दी या.

किल्ली कमरेला खोचून ती उतरली. बॅटरीचे टर्मिनल हलवून पाहिले, घट्ट होते. पट्टा शाबूत. फिल्टरपाशी नट ढिला केला तर डिझेलच्या जागी फेस. गाडीनं हवा धरलेली, डिझेलच्या नळीत. रोग साधा, पण दोघांचा: एकानं नटापाशी हवा काढायची, दुसऱ्यानं सीटवर बसून किल्ली फिरवून सेल मारायचा, म्हंजे गाडी सुरू करायची. बारा वर्षं नटाला तिचा हात आणि सेलला नवरा वसंता. आज वसंता एमआयडीसीत, लोखंडाच्या मिलमध्ये पाळीवर, फोन बंद.

रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. बाभळीची सावली बुडाशी गोळा झालेली. गरम डिझेलचा वास सुटला होता.

तिनं फिल्टरवरचा हातपंप दाबला. दाबतच राहिली. अंगठा सोलून निघाला, पाठीचा काटा ढिला झाला. शेवटी फेस सरला, डिझेलची धार आली, आणि बारा वर्षांची सवय तोंडातून निघून गेली.

"मार..."

सेल फिरला.

गाडी थरथरली, धूर सुटला, इंजन सुरू झालं. सत्यशीलानं नट आवळला. आधी आवळला, मंग तिला कळलं. बॉनेटाच्या फटीतून सीट दिसत होती. रिकामी. हात कमरेला गेला. किल्ली तिथंच होती, घामानं ओली.

"कोण हाय...?"

इंजनाचा आवाज सावकाश चढला, सावकाश उतरला. ॲक्सिलरेटरवर कुणी पाय ठेवावा तसा.

पळायला जीव हवा, आणि तेवढाही तिच्यात उरला नव्हता. लेक तिकडं कण्हत होती. ती दरवाजा उघडून म्हणाली, "जो असशील तो, सरक तिकडं. मला पोरीकडं जायचंय."

ती चढली. वैशाखाच्या उन्हात तासभर उभ्या गाडीची ती सीट, गार लागली.

वाटेत कुठंच तिनं इंजन बंद केलं नाही. सासरच्या दारातून प्रांजलीला तिच्या सासूसोबत मागं गादीवर निजवलं आणि सरकारी दवाखाना गाठला. नर्सनं प्रांजलीला एकटीलाच आत घेतलं, दार लावलं. सत्यशीलानं कोपरापर्यंत हात धुतले, साबण लावून तीनदा, आणि दाराला पाठ टेकून बसली. तिला ओलांडल्याशिवाय आत जाता येत नव्हतं.

चारच्या सुमाराला नर्स बाळ घेऊन बाहेर आली. मुलगी. दोघी बऱ्या आहेत म्हणाली. मंग आवाज चढवला, "मावशी, जन्मल्या जन्मल्या तीट लावायची एवढी काय घाई? आत सोडलं कुणी तुम्हाला?"

सत्यशीला वाकली. बाळाच्या गालावर बोटाच्या टोकाएवढा काळा ठिपका. वास डिझेलचा.

पुसायला तिनं पदर लावला. ठिपका अजून ओला होता.