शिसारीची लस

तहाच्या मेजवानीत पहिला ओकला तो सब-लेफ्टनंट धुमाळ, आणि तोही स्वतःच्याच टोपीत. पोरगा शिस्तीचा. फरशीवर थेंब सांडू दिला नाही, टोपी काखेत मारली आणि परत ताठ उभा राहिला.

त्याच्या शेजारी लेफ्टनंट वैजयंता नाखवा पहाऱ्यावर होती. दात आवळून तोंडानं श्वास घेत होती. समोर पैलाड ग्रहाचे पंतप्रधान आणि तमाळ ग्रहाचा राजदूत एकमेकांना घास भरवत होते, लग्नातल्यासारखे. कालपर्यंत हेच दोघं एकमेकांना राक्षस म्हणत होते. मधल्या काळात कोवळी पोरं मेली ती मेली.

तमाळवर ऊन पोचतच नाही. गुहांतली काळी अळंबी खाऊन तिथली माणसं जगतात, आणि त्या अळंबीतलं काहीतरी त्यांच्या घामात उतरतं. साध्या नाकाला त्याचा पत्ताही लागत नाही. वैजयंताला मात्र ती माणसं म्हणजे उन्हात फुगून फुटलेलं जनावर वाटायची.

हे नाक तिला सरकारनं दिलं होतं.

झालं होतं असं. लढाई सुरू झाली, आणि पैलाडच्या आरमारातले तरणे अधिकारी गोळ्याच झाडेनात. शत्रूच्या गलबताचं दार फोडून आत घुसायचं, आणि समोर शेंबडी पोरं, म्हाताऱ्याकोताऱ्या दिसल्या की हात अडायचे. वैजयंताचा तर लटलट कापायचा. पहिल्याच चढाईत तिच्याच्यानं चाप ओढवला नाही. कॅप्टन सगळ्यांदेखत म्हणाला, "नाखवा, त्या हाताला पाळण्यात घालून झोका दे."

मग लस आली. कागदोपत्री तिचं नाव हातभर लांब. खलाशी तिला नुसतं 'शिसारी' म्हणायचे.

मेजवानी उरकली तशी वैजयंता गलबतावरच्या दवाखान्यात गेली. लस बनवणाऱ्या डॉक्टर केळुसकरबाई तिथंच बसायच्या.

"लढाई संपली, बाई. आता हे उतरवा."

बाईंनी चहा पुढं सरकवला. "लहानपणी काही खाऊन पोट उलटलंय कधी?"

"शिळी कोळंबी. अजून कुणी नाव काढलं तरी ढवळतं."

"एकदाच खाल्लीस ना? तरी जन्मभर पुरली. विषापासून जीव वाचावा म्हणून मेंदू तशी गाठ मारून ठेवतो. आपली लस तीच गाठ मारते, फक्त तमाळच्या घामाशी. मारायला एक सुई पुरते. सोडवायची कशी, ते मला ठाऊक नाही."

"पण वासाची सवय होते की. मासळीबाजारात बसणारीला कुठं घाण येते?"

"ती सवय पण बंद केली. मागणीच तशी होती."

"कुणाची?"

बाईंनी बोट वर केलं. वर छतच होतं.

"त्यांनी टोचून घेतली का स्वतःला?"

"त्यांना मेजवान्या असतात, पोरी."

वैजयंताला शेवटची चढाई आठवली. एक म्हातारा दोन्ही हात पुढं करून तिच्याकडे आला होता. काही मागत होता की देत होता, ते तिनं बघितलंच नाही. उकिरड्यावर फावडं मारावं तशी तिनं गोळी मारली. हात कापला नाही. त्याच हाताबद्दल तिला पदक मिळालं.

तहानंतर सहा महिन्यांनी रजा मिळाली, ती घरी निघाली. पैलाडच्या गोदीवर पाय ठेवल्यापासून घाण येत होती. तिला वाटलं, गटार तुंबलं असेल. बाजारात आणखी वाढली. गल्लीत शिरली तर श्वास घेववेना. दार वाजवलं.

"आली का आमची सरखेल!" बापानं, दामू नाखव्यानं, दोन्ही हात पसरले.

ती पायरीवरून खाली सरकली. घाण गटाराची नव्हती.

"काय गं? वंगणाचा वास येतोय का? क्रेनवरनं आत्ताच आलो बघ." म्हातारा हसला आणि न्हाणीत गेला. अंग घासल्याचा आवाज तिला बाहेर ऐकू येत होता. किती घासत होता. नवा सदरा घालून, अत्तर लावून आला. "आता?"

"आता बरंय, बा," ती म्हणाली, आणि भिंतीआड जाऊन ओकून आली.

बाप उंबऱ्याच्या आत बसला, ती बाहेर पायरीवर. त्याच्या ताटात अळंबीच्या पिठाची भाकर होती, तिच्या हातात आरमाराचा सीलबंद डबा. तहापासून गावात हेच पीठ मिळतं, तो म्हणाला. बॉम्बनं शेतं नासली, भात होत नाही, आणि तमाळची अळंबी मंत्र्यांच्या भाच्यापुतण्यांच्या गोदामातनं येते.

"उद्या आम्ही गोदी बंद ठेवणार. अळंबी उतरवणार नाही. जमीन साफ करून द्या, भात आमचा आम्ही लावू."

"पोलीस मारतील, बा."

"मारत नाहीत. परवाच्या मोर्चावर आलेले. आपलीच पोरं, आपल्याच घरचं खातात. काठ्या खाली घालून उभी राहिली." त्यानं घास मोडला. "तू घरात का येत नाहीस, वैजे? माझं काही चुकलं का?"

"नाकाचं दुखणं आहे, बा. लढाईतलं."

"मग डॉक्टरला दाखव की," तो म्हणाला. लेकीची काळजी, दुसरं काय.

सकाळी रजा रद्द झाली. पोलिसांचं काम आरमाराकडे आलं. गोदीच्या फाटकासमोर रांग लावताना वैजयंताच्या डोक्यात प्रकाश पडला, की तह झाला तरी आरमाराला अजून सीलबंद डबेच का वाढतात, आणि ती गाठ सोडवायची घाई कुणालाच का नाही.

वारा गर्दीकडून येत होता.

"घाण आहेत साले," धुमाळ पुटपुटला. समोर पहिल्या रांगेत त्याची थोरली बहीण होती. त्यानं ती बघितली की नाही, कोण जाणे.

बंदुका वर करायचा हुकूम आला. गर्दीतून एक म्हातारा पुढं झाला. नवा सदरा, ओले केस. आजही घासून अंघोळ करून आला होता. दोन्ही हात पुढं करून म्हणाला, "वैजे, मी आहे गं."

तिच्या पोटातलं सगळं गळ्याशी आलं. तिनं नेम धरला आणि वाट बघत राहिली. आता कापेल. बा आहे तो, आता तरी कापेल.

हात दगडासारखा स्थिर होता.