चौसष्ट हिरव्या खुणा

तो पहिल्यांदा दुकानात आला तेव्हा मी झेरॉक्स मशीनच्या पोटात हात घालून अडकलेला कागद ओढत होते. बाहेर भादव्याची सर तिरपी लागली होती, पायरी भिजून काळी झाली होती.

“एका पानाच्या चौसष्ट प्रती हव्यात.”

वळून पाहिलं. बाईकवर भिजत आलेला, केसांतलं पाणी कपाळावर ओघळतंय, आणि कागद तेवढा शर्टाच्या आत कोरडा. स्वतः भिजेल पण कागद भिजू देणार नाही… अशी माणसं मला एकतर फार आवडतात, नाहीतर मुळीच नाही.

कागद काचेवर ठेवताना नजर गेली. ‘यंत्र मिळाले का? ऐकू येते का? जीवनात आनंद आला का?’ तीन प्रश्न. आणि तिन्ही ठिकाणी ‘होय’च्या चौकटीत खूण आधीच छापलेली!

“उत्तरं छापूनच आणली का हो? मग विचारणार कोणाला?”

तो गोंधळला. “तो… नमुना आहे. वरून तसाच आलाय.”

“वरून म्हणजे? देवाकडून?”

तो हसला. वाईट म्हणजे, हसताना छान दिसला. मी आणखीच चिडले.

नाव अश्वजित. राहणारा इथलाच, बोरगाव मेघ्याचा. काम एका मोठ्या शहरातल्या संस्थेसाठी, कंत्राटावर. सहा महिन्यांपूर्वी त्या संस्थेनं आमच्या आंजीतल्या चौसष्ट म्हाताऱ्यांना कानाची यंत्रं वाटली होती. दाते जगभरचे. दान क्रिप्टोत, म्हणजे त्या कॉम्प्युटरवरच्या नाण्यांत. प्रत्येक यंत्रावर एक कोड. साता समुद्रापार बसलेल्या दात्यानं तो मोबाइलवर पाहिला की त्याचं नाणं कुठून निघालं, कोणाकडून गेलं, सगळं दिसतं. शेवटी आमच्या गावातल्या कोणा म्हाताऱ्याचा फोटो आणि शेजारी हिरवी खूण. अश्वजित तेच तपासायला आला होता. त्यानं ‘ठीक’ म्हटलं की पुढच्या दहा गावांचे पैसे सुटणार.

“त्या चौसष्टांत माझे बाबा आहेत,” मी म्हटलं. “रूपराव. मृदंग वाजवतात. वाजवायचे.”

यंत्र बसलं आणि चार वर्षांच्या खंडानंतर बाबा कीर्तनात मृदंगावर बसले होते. अठरा दिवस! मग सेल संपला. त्याला त्याच कंपनीचा सेल लागतो, दुसरा बसत नाही. मी वर्धा पालथं घातलं, सावंगीची सगळी मेडिकलं फिरले, नागपूरला जाऊन आले. कुठेच नाही. संस्थेला अकरा मेल पाठवले. उत्तर एकदाच आलं, ‘आमच्या नोंदीनुसार आपले वडील उत्तम ऐकत आहेत. अभिनंदन!’

अभिनंदन म्हणे. अंगाची आग झाली होती माझ्या.

“पण मी सकाळीच पाच घरी जाऊन आलो,” तो म्हणाला. “पाचही जण हो म्हणाले.”

“अहो, ऐकू येत नाही म्हणूनच हो म्हणतात! आमच्या समोरच्या आनंदाबाईला विचारा, दारात हत्ती बांधलाय का. हो म्हणेल.”

“मला पुरावा लागतो, मॅडम.”

“रक्षा. मॅडम नाही.” मी प्रती त्याच्या हातात आदळल्या. “चार वाजता मारुतीच्या देवळात कीर्तन आहे. या. दाखवते.”

कीर्तन हा माझा जीव आहे, हे आधी सांगते. आमच्या कीर्तनकार प्रमिलाबाई उभ्या राहून पहिला आलाप घेतात तेव्हा मला वाटतं, देव गाभाऱ्यातून उठून पुढच्या रांगेत येऊन बसला. मी त्यांच्यामागे पेटीवर असते. तिथे खोटं करायचं माझ्या जिवावर आलं होतं. पण तरी मी दुपारी त्यांच्याकडे गेले.

“कीर्तनात नाटक? मले नाई जमत, बाई.”

“नाटक मोबाइलात चालू आहे, प्रमिलाबाई. तुमी फक्त एक ओळ गप राहा.”

त्यांनी उठून तुळशीला पाणी घातलं. मग म्हणाल्या, “देवाले मी सांगतो. तू पेटी सांभाळजो.”

चारला देऊळ भरलं. पुढच्या रांगांत म्हातारी मंडळी, आणि एकूण एक कानात यंत्र! साहेब आलाय, कानात नसलं तर परत नेईल, ही भीती. अश्वजित मागच्या खांबापाशी उभा, मोबाइलनं चित्रण करत. आख्यान पोह्यांच्या पुरचुंडीचं. आनंदाबाई जिथे हसायचं तिथे हसत होत्या, जिथे डोळे पुसायचे तिथे पदर लावत होत्या. त्यानं लांबूनच माझ्याकडे पाहून भुवया उडवल्या, ‘पाहा, ऐकतायत की!’ मी नजर खाली घातली. पट्टी चुकली असती.

मग तो प्रसंग आला. गरीब मित्र पुरचुंडी पाठीमागे लपवतो, राजा ती हिसकावतो. प्रमिलाबाईंनी हात उंच केला, डोळे मोठे केले, ओठ हलवले…

आवाज काढलाच नाही.

मी पेटीवरून हात उचलले. टिनावरचा पाऊस ऐकू यावा इतकं देऊळ शांत. आणि त्या शांततेत पुढची सगळी रांग खदखदून हसली. आनंदाबाईंनी मांडीवर थाप मारली. तीसेक हात वर गेले, “विठ्ठल! विठ्ठल!”

चाळीस वर्षं तेच आख्यान ऐकलेली माणसं ती. त्यांना कान लागत नव्हते. कधी हसायचं, कधी रडायचं ते हाडांत मुरलेलं होतं. मागे बसलेली तरणी पोरं मात्र बुचकळ्यात, हसताहेत कशाला?

बाबाही हसले. मग सवयीनं त्यांनी माझ्या हातांकडे पाहिलं. हात मांडीवर होते. त्यांचं हसू अर्ध्यात थांबलं.

अश्वजितचा मोबाइल हळूहळू खाली आला.

कीर्तन संपल्यावर मी देवळामागे चिंचेखाली उभी राहून रडले. दुःखानं कमी, संतापानं जास्त. माझ्याच माणसांचं हसं मला करावं लागलं होतं, ते कोणाला तरी पुरावा पाहिजे होता म्हणून! तो शेजारी येऊन उभा राहिला.

“आम्ही दात्यांना सांगतो,” तो म्हणाला, “ही ब्लॉकचेन, म्हणजे नाण्यांच्या नोंदींची साखळी. तिच्यावरची नोंद कोणालाच पुसता येत नाही. मालकालाही नाही.”

“म्हणजे खोटं लिहिलं की तेही अमर! आमच्याकडे निदान पाप धुता तरी येतं.”

“रक्षा…”

“पैसा कुठून निघाला, कुठे थांबला, काचेसारखं दिसते म्हणता ना? मग त्या काचेच्या शेवटी माझा बाप बसला आहे, तो काऊन दिसत नाई कोनाले?”

माझी वऱ्हाडी सुटली की मी आवरत नाही. पण त्याचीही सुटली.

“मी खोटं नाई लिहित! पण खरं लिहिलं तं त्या दहा गावांचे पैसे अटकतीन. तिथंबी कोनाचा बाप असन.”

“मुके डबे वाटून त्यायच्या बापाचं काय भलं होनार आहे?”

त्यानं खिशातून रुमाल काढून पुढे केला. तोही भिजलेलाच होता. मी घेतला… आणि डोळे आणखी ओले करून परत दिला.

पुढचे तीन दिवस तो घरोघर फिरला. ते छापील कागद त्यानं बॅगेतून काढलेच नाहीत. प्रत्येकाच्या पाठीमागे उभा राहायचा आणि नावानं हाक मारायचा. चौसष्टांपैकी दोघंच वळले. नातवाच्या लग्नासाठी सेल वाचवायला त्यांनी यंत्र इतके दिवस बंदच ठेवलं होतं. त्यानं तसंच लिहिलं, प्रत्येक कोडखाली, न पुसता येणाऱ्या त्या साखळीवर. वरून फोन आला, ‘अंशतः यशस्वी’ लिहा. त्यानं लिहिलं नाही. चौथ्या दिवशी त्याचं कंत्राट संपलं.

पाचव्या दिवशी तो दुकानात हजर.

“एक झेरॉक्स.”

“बोरगावाहून इथवर? एका पानासाठी?”

“तुमची मशीन चांगली आहे.”

“दोन रुपयाची झेरॉक्स, शंभराचं पेट्रोल. काम सुटलंय ना तुमचं?”

“म्हणून तर एकच पान आणतो.”

हसू दाबायला मी मशीनच्या आड वाकले. मग रोजचंच झालं. कधी आधार कार्ड, कधी दहावीची मार्कशीट, एकदा तर कोरा कागद! एके दिवशी पान परत घेता घेता तो गंभीर झाला.

“माझे वडील भीमगीतं गातात. तालाला पक्के. पण मी तुमच्या देवळात हात जोडणार नाही, मागच्या खांबापाशीच उभा राहणार. चालेल?”

तो कशाबद्दल विचारत होता ते मला कळलं. गाव काय म्हणेल, तेही.

“ऐकायला आलेल्याला आमच्याकडे जागा कोणी विचारत नाही,” मी म्हटलं. “फक्त… लवकर येत जा.”

तिकडे साखळीवरची नोंद वाचून दाते खवळले होते. आमची नाणी गेली कुठे, सेल का नाहीत? शेकडो प्रश्न. ते प्रश्नही पुसता येईनात. संस्थेला अखेर जाग आली, म्हणजे आणावी लागली. तो आल्यापासून बाविसाव्या दिवशी गावच्या आरोग्यसेविकेकडे, आशाताई छायाकडे, सेलची खोकी आली आणि तिनं ती दुपारीच घरोघर वाटली. मला याचा पत्ताच नव्हता. मी दुकानात होते.

त्या संध्याकाळी घरी आले तर अश्वजित अंगणात. बाबा खाटेवर. समोरच्या ओट्यावर आनंदाबाई आणि आणखी चौघं.

“काका, मला रक्षा आवडते,” तो नेहमीच्या हळू आवाजात म्हणाला. मी दारातच थांबले.

बाबांनी कानामागे हात धरला. “काय म्हनतं? मोठ्यानं बोल ना बापा!”

“मला… रक्षा आवडते!”

“आं?”

“मले तुमची पोरगी आवडते! लग्न कराचं आहे मले तिच्याशी!”

गल्लीतल्या म्हशीसुद्धा माना वळवून पाहू लागल्या. खिडक्या उघडल्या. आनंदाबाई ओरडल्या, “आता मलेबी ऐकू आलं रे बाबू!” त्यांच्या कानातलं यंत्र चमकत होतं.

बाबा शांतपणे म्हणाले, “मले पह्यल्या बारीलेच ऐकू आलतं.”

“बाबा! मग त्याले काऊन ओरडाले लावलं?”

“तुमी उद्या गुपचूप कोर्टात गेले असते, तं गाव म्हनलं असतं, बह्यऱ्या रूपरावले पोट्टीनं फसवलं. आता गावानं ऐकलं. अन् मी हाव म्हनतो, तेबी ऐकून घ्या सारे!”

ओट्यावर टाळ्या पडल्या. कोणी तोंड वाकडं करून आत गेलं, ते मी पाहिलं. पण माझा संताप वेगळाच होता.

“वा रे वा! यानं सांगितलं, तुमी हाव म्हनलं, गावानं टाळ्या देल्ल्या. मले विचारलं का कोनी? जिचं लग्न आहे, तिले?”

अश्वजितचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. तो माझ्याजवळ आला, दोन पावलांवर थांबला.

“चुकलं,” तो म्हणाला. “रक्षा, तुमचं काय म्हणणं आहे? नाही असेल तरी सांगा. मी… मी ऐकीन.”

“‘तुमचं’ नाई,” मी म्हटलं. “‘तुझं’ म्हन.”

“तुझं काय म्हणणं आहे?”

मी बाबांकडे पाहिलं. त्यांनी कानातलं यंत्र अलगद काढलं, सदऱ्याच्या खिशात ठेवलं आणि आमच्याकडे पाठ करून बसले.

मग मी त्याला सांगितलं, “हाव.”